प्रदर म्हणण्यापूर्वी : गर्भाशयमुखाचा एक विरळ व शीघ्रगामी कर्करोग

परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर या भागांत व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्यास एक प्रसंग परिचयाचा आहे. स्त्री-रुग्ण समोर बसते, कंबरदुखी सांगते, थकवा सांगते, अन्नावर वासना नाही म्हणते. आपण नाडी पाहतो, जिव्हा पाहतो, औषध बांधून देतो. पुड्या पिशवीत टाकून उठता उठता, सोबत आलेल्या सासूकडे किंवा जावेकडे एकदा पाहून, ती हळूच म्हणते, “अंगावरूनबी जातंय.” ज्या वाक्याने तपासणीस प्रारंभ व्हावयास हवा, त्या वाक्याने ती संपते. आपण पुष्यानुग चूर्णाची भर घालतो, अशोकारिष्टाची बाटली लिहून देतो आणि पुढील रुग्णास आत बोलावतो.

आम्हीही असेच केले आहे, हे आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी चाळिशी नुकतीच ओलांडलेली एक शेतमजूर स्त्री आमच्याकडे आली. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाते, कधी घाण वासाचे पाणी जाते, एवढेच तिने सांगितले. पतिसंबंधानंतर रक्त जाते काय, हा प्रश्न आम्ही विचारला नाही आणि तिनेही आपण होऊन सांगितले नाही. वहीत ‘रक्तप्रदर’ असे लिहून आम्ही स्तंभन चिकित्सा सुरू केली. पंधरा दिवसांनी “थोडा उतार आहे” असे ती म्हणाली, म्हणून तेच औषध पुढे चालू ठेवले. तिसऱ्या महिन्यात ती आली तेव्हा तिचा एक पाय सुजलेला होता आणि चेहरा ओळखू येऊ नये इतका उतरला होता. त्या दिवशी प्रथमच योनिपरीक्षण झाले. गर्भाशयमुखाच्या जागी, स्पर्श होताच रक्त सुटणारी गाठ होती. तिला त्याच दिवशी पुढे पाठविले. बायॉप्सीच्या अहवालात ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ असे शब्द आले. तोवर रोग यकृतात व फुप्फुसांत पोहोचला होता. वर्ष पूर्ण होण्याआधी ती गेली.

तीन महिने आधी पाहिले असते तर ती वाचलीच असती, असे आम्हास म्हणता येणार नाही. हा रोगच तसा आहे. परंतु त्या तीन महिन्यांचा हिशेब आमच्या वहीत आहे आणि प्रस्तुत लेख त्या वहीतूनच निघाला आहे.

व्याधीचे स्वरूप

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल गर्भाशयमुखाचा कर्करोग आढळतो. २०२२ या वर्षाच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. यांतील बहुसंख्य कर्करोग गर्भाशयमुखाच्या बाह्य आवरणातील चपट्या पेशींपासून उद्भवतात. त्यांस स्क्वॅमस म्हणतात. त्याखालोखाल ग्रंथिपेशींपासून होणारे, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा. आपण ज्याचा विचार करीत आहोत तो या दोहोंहून भिन्न आहे. गर्भाशयमुखाच्या शंभर कर्करोगांत तो एखादाच, फार तर दीड टक्का असतो. वरील संख्येस हे प्रमाण लावले तर देशभरात वर्षाकाठी एक ते दोन हजारांच्या दरम्यान अशा स्त्रिया असतील.

मग आयुष्यात एकदा दिसेल किंवा दिसणारही नाही, अशा व्याधीसाठी आपण वेळ का द्यावा? याचे उत्तर असे, की हा व्याधी आपल्या दाराशी प्रदराचेच वस्त्र पांघरून येतो. आणि त्यास वेळीच ओळखण्यासाठी जे करावे लागते, नेमके तेच केल्याने उरलेल्या अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव स्त्रियांचाही कर्करोग लवकर हाती लागतो.

शरीरात ठिकठिकाणी अशा काही पेशी विखुरलेल्या असतात, की ज्या चेतासंस्थेच्या पेशींसारख्याही असतात आणि अंतःस्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथींसारख्याही. त्यांच्या गुणांचा कर्करोग बहुधा फुप्फुसात दिसतो. धूम्रपान करणाऱ्यांत आढळणारा लघुपेशी कर्करोग तो हाच. क्वचित तो गर्भाशयमुखात होतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी लहान, गडद केंद्रकाच्या, जवळजवळ द्रव्यहीन आणि एकमेकींस चिकटून चुरडल्यासारख्या दिसतात. नेहमीच्या रंगद्रव्यावर निदान पक्के होत नाही, म्हणून सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी ५६ यांसारख्या खुणा तपासणारी विशेष परीक्षा करावी लागते. काही वेळा याच गाठीत स्क्वॅमस किंवा ग्रंथिपेशींचा अंशही मिसळलेला असतो. १९९६ साली अमेरिकेत भरलेल्या तज्ज्ञांच्या कार्यशाळेत या गटातील गाठींची नावे प्रथम एका सूत्रात बांधली गेली. तोपर्यंत एकाच रोगास निरनिराळ्या नावांनी ओळखले जात असे.

वेग हा याचा खरा स्वभाव. गाठ लहान असतानाच तो रसवाहिन्यांत व रक्तवाहिन्यांत शिरतो आणि फुप्फुसे, यकृत, अस्थी व मेंदू येथपर्यंत जातो. रुग्णांचे वय बहुधा चाळिशीच्या आसपासचे असते. त्याहून तरुण स्त्रियाही आढळतात. सर्व अवस्था एकत्र धरल्यास पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या स्त्रिया ढोबळमानाने तीनांत एक एवढ्याच असतात. गाठ चार सेंटिमीटरपेक्षा लहान आणि गर्भाशयमुखापुरती मर्यादित असताना निदान झाले, तर हे प्रमाण बरेच चांगले असते. म्हणजे या व्याधीत आशा आहे ती पहिल्या काही आठवड्यांत.

चाळणीतून निसटण्याचे कारण

सर्वसामान्य गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रवास दीर्घ असतो. एच.पी.व्ही. या विषाणूचा संसर्ग होतो, बहुतेकींत तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो, काहींत टिकून राहतो, पेशी बदलू लागतात आणि कर्करोग प्रकट होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. पॅप तपासणी, ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे इत्यादी सर्व चाळणी परीक्षांचा आधार हा दीर्घ पूर्वकाळच आहे.

लघुपेशी प्रकारातही विषाणू बहुधा असतोच आणि तोही १६ व १८ या क्रमांकांचा. त्यांतही १८ चा वाटा ठळक आहे. परंतु ओळखता येईल अशी स्वतःची पूर्वावस्था या रोगास नसते. गाठ पुष्कळदा आवरणाच्या खाली वाढते, त्यामुळे वरून घासून घेतलेल्या पेशींत ती सापडेलच असे नाही. म्हणून एक गोष्ट आपल्या मनावर कोरून ठेवावी लागेल : लक्षणे असणाऱ्या स्त्रीचा पॅप अहवाल निर्दोष आला, तर तो निर्धास्त होण्याचा परवाना नव्हे. गर्भाशयमुखावर काहीही उंच, कठीण, व्रणयुक्त किंवा स्पर्शाने रक्त सुटणारे दिसले, तर पॅपची वाट न पाहता थेट बायॉप्सीसाठी पाठवावे.

उस्मानाबाद व बार्शीचा धडा

या विषयातील जगात मान्यता पावलेला एक प्रयोग आपल्याच मराठवाड्याच्या खेड्यांत झाला, ही गोष्ट आपल्या व्यवसायात फारशी बोलली जात नाही. १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतले. खेड्यांचे ५२ गट करण्यात आले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची त्यांत नोंद झाली. काही गटांत एच.पी.व्ही. तपासणी, काहींत पॅप, काहींत ॲसेटिक आम्लाने दृष्टिपरीक्षा झाली आणि एका गटास केवळ नेहमीची आरोग्यसेवा होती.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. पुढच्या अवस्थेतील कर्करोग पहिल्या गटात ३९ जणींना, तर दुसऱ्या गटात ८२ जणींना आढळला. एका गटास तपासणीविना ठेवले, याबद्दल पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. तथापि या स्त्रियांमुळे जे ज्ञात झाले, त्याचा उपयोग त्यांच्याच शेजारच्या जिल्ह्यांत न होणे हे अधिक अन्यायाचे ठरेल.

आमच्या दृष्टीने बार्शीचा त्याहून जुना अनुभव अधिक बोलका आहे. १९८७ मध्ये बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना एकत्र करीत आणि कोणती लक्षणे दुर्लक्षू नयेत हे साध्या भाषेत सांगत. कोणतेही मोठे यंत्र नव्हते, कोणतीही सार्वत्रिक तपासणी नव्हती. तरीही काही वर्षांतच या भागातील स्त्रिया पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदविले आहे. विश्वासाच्या माणसाने योग्य वेळी सांगितलेल्या दोन शब्दांनी हे घडले. खेड्यांत तो विश्वास पुष्कळदा वैद्याकडे व औषधाच्या दुकानदाराकडे असतो. चाळणी परीक्षेतून निसटणाऱ्या लघुपेशी कर्करोगाच्या बाबतीत तर या दोन शब्दांवाचून दुसरे साधन जवळपास नाहीच.

शास्त्रदृष्टी

आधुनिक व्याधीचे नाव प्राचीन ग्रंथात जसेच्या तसे शोधण्याचा हव्यास आम्हास नाही. परंतु ग्रंथांनी दिलेली शिस्त येथे उपयोगी पडते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन करताना ते वर्तुळाकार, स्थिर, अल्पवेदनायुक्त, खोल मुळांचे, न पिकणारे आणि हळूहळू वाढणारे असे सांगितले आहे. येथे ‘चिरवृद्धी’ या लक्षणाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. अर्बुद म्हणजे सावकाश वाढणारे, ही प्रतिमा आपल्या मनात विद्यार्थिदशेपासून ठसलेली असते. ती बहुतांश अर्बुदांस लागू पडते. प्रस्तुत व्याधीस पडत नाही. महिन्यापूर्वी नव्हते आणि आज आहे, म्हणून ते अर्बुद नव्हे, असा तर्क येथे घातक ठरतो. मात्र त्याच अध्यायात स्राव करणारे, मर्मस्थानी अथवा स्रोतसांत उत्पन्न झालेले अर्बुद असाध्य म्हटले आहे, तसेच एकावर एक किंवा जोडीने उद्भवणाऱ्या अर्बुदांसही असाध्य ठरविले आहे. आचार्यांना या गटातील भयंकरता ज्ञात होती.

षट्क्रियाकालाच्या भाषेत बोलावयाचे तर सामान्य गर्भाशयमुख कर्करोगात स्थानसंश्रयाचा काळ वर्षानुवर्षे असतो आणि तेथेच हस्तक्षेप करता येतो. लघुपेशी प्रकारात स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद या अवस्था एकमेकींवर आदळत येतात. व्यक्तावस्थेचा पहिला दिवस हाच वैद्याच्या हाती असतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे विवेचन आहे आणि पुष्यानुग चूर्णही तेथेच सांगितले आहे. म्हणजे ज्या अध्यायातून आपण औषध घेतो, त्याच अध्यायाने आधी वीस प्रकारे विचार करावयास सांगितले आहे. दर्शनाचे महत्त्व तर वाग्भटाचार्यांनी प्रत्यक्ष यंत्र देऊन सांगितले. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात योनिव्रण पाहण्यासाठी सोळा अंगुळे लांबीचे, आतून पोकळ, चार पात्यांचे आणि कमळाच्या कळीसारख्या मुखाचे यंत्र वर्णिले आहे. स्पेक्युलम ही परकी वस्तू आहे, असे मानून ती कपाटात ठेवणाऱ्यांनी हे स्थळ एकदा अवश्य वाचावे.

आणखी एक गोष्ट. गुल्म पक्व झाला की पुढील कर्माचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यविदांचा आहे, असे चरकाचार्य कोणताही संकोच न बाळगता सांगतात. रुग्णास योग्य हाती सोपविणे यात कमीपणा नाही. ती आपल्या शास्त्राचीच परंपरा आहे.

दोन टोकांच्या दोन चुका

न पाहता औषध देणे ही एक चूक झाली. तिच्या विरुद्ध टोकाची चूकही आपल्या परिसरास ठाऊक आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याची बाब २०१९ मध्ये राज्यभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे पुढे आले. अंगावर पांढरे जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारींवर पुढे कॅन्सर होईल अशी भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतूनही कुटुंबे ऊसतोडीस जातात. तेव्हा हा प्रश्न परका नाही.

या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे : गर्भाशयमुख कोणी पाहिलेच नाही. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, आणि कर्करोगाच्या भयाने गर्भाशय काढणे हा प्रतिबंधही नव्हे. उलट आत लपलेला कर्करोग असताना तो न ओळखता साधी गर्भाशयशस्त्रक्रिया झाली, तर पुढील चिकित्सा अवघड होते. कोणत्याही कारणाने गर्भाशय काढले असेल, तर तो भाग तपासणीस पाठविला होता काय व अहवाल कोठे आहे, हे आपण रुग्णास अवश्य विचारावे.

याच संदर्भात आपल्यापैकी स्थानिक चिकित्सा करणाऱ्यांस एक विनंती. गर्भाशयमुखावरील व्रणास कर्णिनी समजून क्षारकर्म वा अग्निकर्म करण्यापूर्वी पेशीपरीक्षा, आणि शंका असल्यास बायॉप्सी झालीच पाहिजे. अन्यथा वरचा भाग जळतो, खालची गाठ तशीच राहते आणि निदानाचा पुरावा मात्र आपल्याच हाताने नष्ट होतो. अनिर्णीत रक्तस्राव असताना उत्तरबस्ती व पिचुधारणही करू नये.

पुढे पाठविल्यानंतर

आपण पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हे आपणास माहीत असावे. कारण तिचे नातलग प्रथम आपल्यालाच विचारण्यास येतात. बायॉप्सी व विशेष परीक्षांनंतर छाती, उदर व कटिभाग यांची सीटी किंवा पेट तपासणी होते. गाठ लहान असल्यास गर्भाशय, सभोवतालचा भाग व रसग्रंथी काढणारी मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर केमोथेरपी. गाठ मोठी असल्यास केमोथेरपी व किरणोपचार एकत्र, असा सर्वसाधारण क्रम असतो. औषधे फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगातीलच, म्हणजे एटोपोसाइड व सिस्प्लॅटिन ही वापरली जातात. रोग दूरवर पसरला असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. तेव्हा केमोथेरपी व वेदनाशमन यांवर भर राहतो.

या काळात आपले साहाय्य कोठे व कोठे नाही, हेही स्पष्ट असावे. सिस्प्लॅटिनचा वृक्कांवर ताण पडतो, म्हणून रसौषधी व भस्मे तज्ज्ञांच्या माहितीशिवाय देऊ नयेत. श्वेतपेशी उतरलेल्या असताना बस्ती व इतर शोधनकर्मे टाळावीत. आहार, निद्रा, मलप्रवृत्ती, मुखपाकातील सौम्य उपचार आणि धीर देणे, ही कामे कर्करोगतज्ज्ञांस कळवून आपण उत्तम करू शकतो. “केमो सोडा, आमच्या औषधाने गाठ विरघळेल” हे वाक्य मात्र कोणाच्याही मुखी येऊ नये. कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या औषधी व जादुई उपचार अधिनियमान्वये निषिद्ध आहे, हे औषधनिर्माते व विक्रेते यांनीही ध्यानी ठेवावे.

खर्चाच्या भयाने घरीच राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व केमोथेरपी यांचा समावेश आहे. परभणीचे जिल्हा रुग्णालय हा पहिला टप्पा. पुढे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शी, अथवा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. शिधापत्रिका व आधारपत्र सोबत न्यावे, एवढे सांगितले तरी एक फेरी वाचते.

चिकित्सकांसाठी

१. स्त्री-रुग्णास एकांतात, स्त्री-परिचारिकेच्या उपस्थितीत पाच प्रश्न विचारावेत : संबंधानंतर रक्त जाते काय, दोन पाळ्यांच्या मध्ये जाते काय, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा दिसले काय, स्रावास दुर्गंधी आहे काय, पाय सुजतो वा कंबरेची कळ एका बाजूस मांडीत उतरते काय.

२. यांपैकी एकाही प्रश्नास होकार आल्यास त्याच दिवशी स्पेक्युलमने गर्भाशयमुख पाहावे. स्वतः पाहणे शक्य नसेल तर जवळच्या स्त्री-वैद्यांकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. पाहिल्याशिवाय वहीत ‘प्रदर’ असे लिहू नये.

३. ‘उतार आहे’ या शब्दावर विसंबू नये. स्तंभक औषधाने गाठीचा रक्तस्रावही काही दिवस कमी होऊ शकतो. दोन आठवड्यांत स्राव पूर्ण थांबला नाही तर औषध न बदलता रुग्णास पाठवावे.

४. चिठ्ठीत लक्षणांचा काळ, दिलेली औषधे व जे दिसले ते लिहावे. स्वतःचा दूरध्वनी क्रमांक द्यावा आणि आठ दिवसांनी ती गेली की नाही याची चौकशी करावी.

औषधालयचालकांसाठी

अशोकारिष्ट, लोध्रासव, पत्रांगासव ही औषधे चिठ्ठीवाचून मागितली जातात व दिली जातात. पहिल्या बाटलीस हरकत नाही. तीच व्यक्ती त्याच तक्रारीसाठी दुसरी बाटली मागावयास आली, तर “तपासून घेतले का?” एवढे अवश्य विचारावे. पुष्कळदा औषध नेणारा पती किंवा मुलगा असतो. त्यास सविस्तर सांगणे अवघड, तेव्हा तपासणीचे ठिकाण लिहिलेली एक छोटी चिठ्ठी बाटलीसोबत द्यावी. पाळी गेलेल्या स्त्रीसाठी रक्तस्रावावरील औषध मागितले गेले, तर पहिली बाटलीही तपासणीच्या सल्ल्यावाचून देऊ नये. यात एका बाटलीचा व्यवसाय जाईल हे खरे. पण गावात दुकानाचे नाव ज्या गोष्टींनी राहते, त्यांतली ही एक आहे.

लस : या रोगावरील खरा प्रतिबंध

जेथे चाळणी परीक्षा अपुरी पडते, तेथे मुळावरच घाव घालणे इष्ट. लघुपेशी प्रकाराच्या मुळाशी बहुधा १६ व १८ हेच विषाणू असल्याने त्यांवरील लस या विरळ रोगासही अटकाव करील, अशी रास्त अपेक्षा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हाव्हॅक ही देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. एकाच मात्रेने टिकाऊ संरक्षण मिळते, हे दाखविणाऱ्या भारतीय अभ्यासातही बार्शी व पुणे ही केंद्रे होती. २००९ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला. ९ ते १४ वर्षे वयात ही लस सर्वाधिक उपयोगी पडते. आपल्या सल्ल्याने सुवर्णप्राशनासाठी बालके आणणाऱ्या माता-पित्यांस, मुलगी मोठी होताना या लसीविषयीही सांगणे, यात शास्त्राशी कोणताही विरोध आम्हास दिसत नाही. मात्र लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, हेही सांगावे.

समारोप

विरळ व्याधी वैद्यास नम्र करतो. लघुपेशी कर्करोगाची रुग्ण आपल्यापैकी अनेकांच्या वाट्यास कधी येणारही नाही. परंतु ती कोणत्या दिवशी, कोणत्या गावाहून, कंबरदुखीची तक्रार घेऊन येईल हे आधी कळण्याचा मार्ग नाही. म्हणून प्रत्येकीस तीच समजून पाहणे प्राप्त आहे. आमच्या चिकित्सालयात आता तपासणीच्या खोलीस पडदा आहे, निर्जंतुक केलेला स्पेक्युलम आहे, आणि रुग्ण उठण्यापूर्वी “अजून काही सांगायचे राहिले का?” असे विचारण्याचा परिपाठ आहे. पहिल्या काही दिवसांत संकोच वाटला. पुढे स्त्रियाच आपल्या जावा-भावजयांस घेऊन येऊ लागल्या.

त्या शेतमजूर स्त्रीच्या नावापुढील नोंद आम्ही खोडलेली नाही. ‘रक्तप्रदर’ हा शब्द तेथे तसाच आहे. नवीन वैद्य आमच्याकडे शिकण्यास आला, की प्रथम त्यास ते पान दाखवितो.